साडीच्या पट्टीने बांधलेली नळी

ब्रेकबद्दल त्या रविवारपर्यंत मला एवढंच ठाऊक होतं की पाय दाबला की गाडी थांबते. का थांबते, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. तुम्ही दोघं मला शिस्तीची आजी म्हणून ओळखता. व्हिडिओ फोनवर बोलतानासुद्धा मी तुम्हाला मागच्या पलंगावरची चादर सरळ करायला लावते. म्हणून ही हकीकत तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी. तुमच्या बाबाला ती अर्धीच माहीत आहे. तेव्हा तो पुण्याला हॉस्टेलवर होता, आणि मी त्याला जे पत्र लिहिलं त्यातून माझा भाग गाळला होता.

नव्वदीतलं सुरत. आजोबा बँकेत अधिकारी होते, मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. आजोबांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात जुनी जीप घेतली. चारही चाकांना ताकद मिळणारी, चिखलातून वाट काढणारी. रविवारी हजिऱ्याकडच्या खाजणात जाऊन पक्षी बघायचे, एवढ्यासाठी. ती घरी आली तेव्हाच मागच्या बाजूने जात्यावर खडे दळल्यासारखा आवाज येत होता. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड लोखंडी अ‍ॅक्सल असतो, तो वाकला होता आणि आतले दातेही गेले होते. तो काढून दुसरा बसवायचा ठरला. तसल्याच जीपचा अ‍ॅक्सल मिळेना, म्हणून भंगारवाल्याकडून जरा वेगळ्या गाडीचा आणला.

काम करायला बमरोलीहून एक माणूस यायचा. नंदुरबारकडचा, तिशीतला, अंगाने किडकिडीत. पोटासाठी तो मागांच्या कारखान्यात फिटर होता, पण हात बसला होता गाड्यांवर. लग्नाआधी धुळ्याच्या एका गॅरेजात त्याने सहा वर्षं काढली होती. मागांच्या खडखडाटाने त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या शेडमधून बाहेर पड, नाहीतर दुसराही जाईल. घरी बायको आणि दोन लहान मुली. बाहेर पडून जायचं कुठे?

त्यावर वाट आजोबांनी काढली होती. बँकेत येणारे एक गुजराती ठेकेदार इच्छापोरकडच्या कारखान्यांना जीपगाड्या भाड्याने पुरवत. त्यांना कायमचा मेकॅनिक हवा होता. आजोबांनी शब्द टाकल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुमचा शब्द मोठा, पण मी काम बघून माणूस ठेवतो. तुमच्या जीपमध्ये रविवारी मीच बसतो. पास झाला तर एक तारखेपासून माझ्याकडे." म्हणजे आमच्या अंगणातली जीप ही त्या माणसाची परीक्षा होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

शनिवारी तो सकाळीच आला. नवा अ‍ॅक्सल आदल्या आठवड्यात बसला होता, चाकंही लावून झाली होती. गाडी मागून उचलून, अ‍ॅक्सलखाली लोखंडी घोडे लावून ठेवली होती. राहिल्या होत्या ब्रेकच्या नळ्या. लिलावात गाडीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं. मी खुर्ची टाकून बसले आणि त्याला वाचून मराठीत सांगू लागले. त्याला त्याची काही गरज नव्हती, पण मला होती. अंगणात काम चालू असताना मी नुसती बसून राहू शकत नाही.

ब्रेकचं तेल पुढून एका बारीक लोखंडी नळीतून मागे येतं. ही नळी गाडीच्या सांगाड्याला पक्की बसवलेली असते. अ‍ॅक्सल मात्र चाकांबरोबर खालीवर हलत असतो. म्हणून सांगाडा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये रबरी नळीचा एक तुकडा लागतो. नव्या अ‍ॅक्सलवर जोडाची जागा थोडी मागे होती, म्हणून त्याने जास्त लांबीची रबरी नळी आणली होती. ती जोडल्यावर तिचा झोल खाली लोंबत राहिला.

मी पुस्तकातून वाचलं, "भाऊ, इथे लिहिलंय, चाक पूर्ण खाली लोंबलं तरी ही नळी ताणली जाता कामा नये. ती मोकळी राहिली पाहिजे."

तो गाडीखालूनच हसला. "म्हणजे पुस्तक लिहिणारा बी कधीतरी गाडीखाली झोपेल व्हता!"

दुपारी आजोबांना सीटवर बसवून त्याने पेडल दाबायला लावलं आणि नळ्यांतली हवा काढली. "दाबा साहेब. धरा. सोडा. अहो, सोडा म्हटलं तवाच सोडा, बँकेत बी असंच करता का?" आजोबांना असं बोलणारा तो एकटाच. चार वाजता काम संपलं. घोडे सकाळी काढू, असं सांगून तो कारखान्याच्या पाळीवर गेला.

तो गेल्यावर मी अंगण झाडायला घेतलं. गाडीखाली लोखंडाचा चुरा, चिंध्या, तेलाचे डाग. खराटा आत सरकवला की त्या रबरी नळीच्या झोलात अडके. एकदा अडकला, दोनदा अडकला. वाकून बघितलं तर परकराची नाडी बाहेर लोंबावी तशी ती नळी लोंबत होती. एवढं नीटनेटकं काम केलं आणि शेवटी हा गबाळेपणा, असं माझ्या मनात आलं. उद्या ठेकेदार येऊन वाकून बघणार.

सुरतेत त्या काळी आमच्यासारख्या घरांत कुणी सुतळी विकत आणत नसे. मिलमधून कापून टाकलेल्या साड्यांच्या कडांच्या पट्ट्यांचे गठ्ठे मिळत, आणि त्याच पट्ट्यांनी सगळं बांधलं जाई: गाद्या, खोकी, टोमॅटोची रोपं, फाटकाची कडी. माझा गठ्ठा अर्थातच रंगवार लावलेला होता. मी एक जांभळी पट्टी घेतली, हात आत घालून नळीचा झोल वर उचलला आणि सांगाड्याच्या लोखंडाला चापून बांधला. दोन वेढे, घट्ट गाठ, टोकं आत खोचलेली. खराटा आता सहज फिरला.

सकाळीच वाचलेलं वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. मी ते वाचलं होतं, मराठीत करून सांगितलं होतं, आणि पान मिटलं होतं. सुतळी असती तर दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच हिसक्याला तुटली असती आणि काहीही झालं नसतं. सुरतेचं ते पॉलिएस्टर होतं. ते तुटत नाही.

रविवारी ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. माझे पोहे दोनदा घेतले, "बेन, पौंआ सरस छे," म्हणाले. फिटर पाळी करून थेट आला होता, डोळे लाल होते. त्याने घोडे काढले, चाकं जमिनीवर टेकवली, पेडल दाबून बघितलं. खाली वाकून बघितलं नाही. काल स्वतःच्या हाताने केलेलं काम आज कशाला बघायचं?

आजोबा गाडी चालवायला, शेजारी ठेकेदार. मागच्या दोन लांबट सीटांवर समोरासमोर फिटर आणि मी, माझ्या मांडीवर डबा. हजिऱ्याच्या रस्त्याने इच्छापोरपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. आजोबांनी तीन-चारदा मुद्दाम ब्रेक लावून दाखवले. फिटर माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचा, जसा काही निकाल लागलाच होता.

ठेकेदार म्हणाले, "रोड पर तो मारी सासु पण चलावे. नीचे उतारो, साहेब." रस्त्यावर तर सासूसुद्धा चालवेल, गाडी खाली घाला.

पुढे खाडीकडे जाणारा मातीचा बांध होता. आजोबांनी गाडी बांधावर घेतली आणि पलीकडच्या उतारावरून खाली घालू लागले. पावसाच्या पाण्याने तिथे घळ पडली होती. डावं मागचं चाक घळीवर आलं आणि अधांतरी लोंबलं. माझ्या पायाखालून फट् असा आवाज आला. मोठा नाही, भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच.

गाडी घळीतून बाहेर आली आणि उतारावरून निघाली. आजोबा म्हणाले, "ब्रेक नाहीये."

चहात साखर नाहीये, असं ते ज्या आवाजात म्हणत त्याच आवाजात. मला वाटलं ते चेष्टा करताहेत. मग त्यांचा पाय दिसला. पेडल तळाच्या पत्र्याला टेकलं होतं आणि ते पुन्हा पुन्हा दाबत होते. घाबरून त्यांनी क्लचही दाबून धरला होता, त्यामुळे गाडी मोकळी सुटली. समोर ओहोटीचा काळा चिखल आणि त्याच्या पलीकडे पाणी. मी ओरडलेसुद्धा नाही. डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला, जणू सांभाळायचं ते तेवढंच होतं.

फिटर माझ्या अंगावरून पुढे झेपावला. "क्लच सोडा! साहेब, क्लच सोडा!" त्याने दोन सीटांच्या मधून हात घालून हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्या हाताने आजोबांच्या हातातलं स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. जीप वेड्या बाभळीच्या जाळीत घुसली, फांद्या कडकडा मोडल्या आणि गाडी थांबली.

ठेकेदारांच्या पांढऱ्या बाहीतून रक्त येत होतं, ओरखडेच होते. फिटरचा तळवा काट्याने उभा चिरला होता. आजोबा दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर एक जाड फांदी होती.

मग ठेकेदार खाली उतरले आणि त्यांचा तोल सुटला. गुजराती, हिंदी, जे तोंडाला येईल ते. मारून टाकणार होतास, एक नळी टाकता येत नाही आणि नोकरी मागतोस, जा, तुझे माग चालव. फिटर गाडीखाली गेला. आम्ही आलो त्या वाटेवर मातीत तेलाची ओली रेघ उमटली होती, ती मी बघत उभी राहिले.

तो खालून बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत कापून काढलेली जांभळी पट्टी होती.

त्याने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. फार नाही, क्षणभर. माझ्या दारातला टोमॅटो त्याने रोज बघितला होता, तोही तसल्याच पट्टीने बांधलेला होता. त्याने पट्टी चुरगाळून खिशात घातली आणि ठेकेदारांना म्हणाला, "शेठ, चूक मन्ही शे. नळी आखूड पडली."

गाडीचे ब्रेक गेले तेव्हा बसला त्याहून मोठा धक्का मला या वाक्याने बसला. तो माझ्या चुकीवर पांघरूण घालत होता. ज्या नोकरीसाठी त्याने आठ दिवस पाळी करून, झोप मोडून काम केलं, ती तो माझ्या डोळ्यांदेखत सोडून देत होता, कारण मी साहेबांची बायको, शाळेतली बाई.

आणि मी गप्प राहिले. हे मला तुम्हाला सांगायचं आहे. मी लगेच बोलले नाही. दोन मिनिटं असतील, तीन असतील. त्या वेळात माझ्या मनात त्याच्या मुली आल्या नाहीत, त्याचा कान आला नाही. आजोबा काय म्हणतील ते आलं. बँकेत ही गोष्ट हसत हसत कशी सांगितली जाईल ते आलं. आयुष्यभर मुलांना सांगत आले, चूक कबूल करणारा मोठा असतो, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

ठेकेदार म्हणाले, "हवे आवतो नहीं." आता येऊ नकोस.

तेव्हा मी बोलले. "नळी मी बांधली. आखूड नव्हती. त्याने मोकळी सोडली होती, मी ती वर बांधून टाकली."

आजोबांनी पहिल्यांदाच मान वळवली. "तू? गाडीखाली?"

"झाडताना."

ठेकेदार कडवट हसले. "बेन, गरिबावर दया करो छो. बराबर छे. पण मी मूर्ख नथी."

"भाऊ, खिशातली पट्टी काढा," मी म्हटलं.

तो जमिनीकडे बघत राहिला.

"काढा म्हटलं ना!" हा माझा वर्गातला आवाज होता. त्याने पट्टी काढली. गाठ जशीच्या तशी होती, टोकं आत खोचलेली. ठेकेदारांनी ती नखाने सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. त्यांनी माझ्या मांडीवरून खाली ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. त्याच्या झाकणालाही तसलीच पट्टी, तसलीच गाठ होती. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

मला वाटलं, झालं. खरं सांगितलं, आता सगळं सरळ होईल.

ठेकेदार फिटरकडे वळले आणि आधी ओरडत होते ते आता हळू बोलू लागले. ते जास्त वाईट होतं. "तुझ्या गाडीखाली बाई जाऊन गाठी मारते, आणि तुला खबर नथी? सकाळी खाली बघितलं नाही? चार माणसं बसवून गाडी काढली? आणि वर मला खोटं सांगतो, नळी आखूड पडली?"

फिटर माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"हाई काय करं तुम्ही, बाई!" तो म्हणाला. घरची भाषा तो आमच्याशी सहसा बोलत नसे. मग मराठीत आला. "नळी आखूड पडली म्हटलं तर चार शिव्या देऊन माणूस गप होतो. आखूड तर कुणाचीबी पडते. आज नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा गेलो असतो याच्याकडे. आता मी न बघता गाडी काढणारा झालो. अन् खोटारडा बी झालो. बांधली ती बांधली, बोलायचं कशाला?"

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, वडीलसुद्धा नाहीत. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्याचा शब्द न् शब्द बरोबर होता. मी गप्प राहिले तेव्हा त्याचं नुकसान केलं, आणि बोलले तेव्हाही केलं.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "पुढे. पेडलवर पाय ठेवा."

आजोबा पुन्हा पेडलवर पाय ठेवायला तयार नव्हते, ठेकेदार बसले नसते. मी साडी सावरून चालकाच्या जागी बसले. त्याने चिरलेल्या तळव्याला फडकं गुंडाळलं आणि पुन्हा गाडीखाली गेला. त्याच्या पिशवीत सायकलचे छर्रे होते. त्यातला एक त्याने लोखंडी नळीच्या तोंडाशी ठेवला आणि वरून नट आवळला, म्हणजे तेल मागे जायची वाट बंद. मागच्या चाकांना ब्रेक नाही, पण पुढच्यांना मिळेल. बाटलीतलं तेल भरलं. मग पुढच्या चाकापाशी बसून, माझ्याकडे न बघता, तो हुकूम सोडू लागला.

"दाबा."

दाबलं.

"धरा. उचलू नका. उचलायचा नाही म्हटलं!"

"धरलाय."

"सोडा. पुन्हा."

सुरुवातीला पेडल रिकाम्या पिशवीसारखं खाली जात होतं. किती वेळा दाबलं, कोण जाणे. मग एकदा पायाखाली काहीतरी भरीव लागलं. ते माझ्या मांडीपर्यंत जाणवलं. मी म्हटलं, "भाऊ, लागलं." तो दुसऱ्या चाकाकडे गेला.

जाळीतून गाडी मागे काढून त्याने ती बांधावर आणली, उताराच्या माथ्यावर उभी केली आणि खाली उतरला. ठेकेदारांना म्हणाला, "शेठ, आता तुम्ही चालवा."

"मी? ह्या गाडीमां?"

"मी पुढे चालतो. ब्रेक लागला नाही तर पहिला मीच."

आजोबा म्हणाले, "अरे, वेडा झालास काय?" तो ऐकायला थांबलाच नाही. पाठ करून, गाडीपुढे चार पावलांवर, उतारावरून चालू लागला. त्याचा बरा कान गाडीकडे होता, एवढंच मला दिसलं. ठेकेदार चढले. गाडी सुटली. मी तोंडावर पदर धरला. गाडी त्याच्या पाठीपर्यंत आली आणि कचकन थांबली. तो चालतच राहिला. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. तळापर्यंत असं चार वेळा. एकदाही त्याने वळून बघितलं नाही. तिसऱ्या वेळी अंतर एवढं कमी होतं की गाडीच्या नाकाने त्याचा सदरा हलला.

परतताना ठेकेदारच गाडी चालवत होते, अगदी सावकाश. इच्छापोर आलं तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "एक तारखे आवजे. पण एकलो आवजे, बेनने साथे नहीं." आणि स्वतःच हसले. ये, पण एकटा ये. आम्ही तिघंही हसलो नाही.

ठेकेदारांना त्यांच्या घरी उतरवून आम्ही फिटरला सोडायला बमरोलीला गेलो. चाळीच्या दारात त्याची बायको धुणं वाळत घालत होती. हाताचं फडकं बघून ती धावत आली. "काय झालं?" "बाभूळ लागली," तो म्हणाला, आणि मग तिला नोकरीचं सांगितलं. ती हातातलं धुणं तिथेच टाकून माझ्याकडे आली आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "बाईंनी लावून दिली," ती म्हणत होती, "बाईंनीच लावून दिली."

मी मागे सरकायला हवं होतं. मला हलता आलं नाही. मघाचा त्याचा उतारावरून चालणारा पाठमोरा सदरा माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि पायांवर तिच्या केसांचा ओला स्पर्श. मी त्याच्याकडे बघितलं. खरं काय घडलं ते तो सांगेल, असं मला वाटलं. सांगावं, असंही वाटलं. तो खाली पडलेलं धुणं उचलत होता.

"राहू दे आता," तो तिला म्हणाला. "त्यांना उशीर होतोय."